चारशे सतरा नंबरचा फिल्टर

“हात लावू नका कुणी,” नाना म्हणाले, “जगात एवढा एकच उरलाय.”

आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या पातेल्याशेजारी, रेशमी रुमालावर तो विराजमान झाला होता. वीतभर उंचीचा, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेला, काळपट कापडाचा गोल गठ्ठा. इंजिनातलं तेल गाळायचा फिल्टर. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते आणि त्या टेबलाशी एवढ्या मानानं अजून मलाही कुणी बसवलं नव्हतं.

भोवती ‘जुनी चाकं मंडळा’ची कार्यकारिणी होती. मंडळाचे सभासद पाच, गाड्या चार, आणि त्यांतल्या दोन उतार लागला तरच चालायच्या. अध्यक्ष अर्थात नाना, माझे सासरे.

“टोपीवर नंबर बघा. चारशे सतरा. आणि त्याच्या वर हा शिक्का.”

भोसलेसरांनी खिशातून भिंग काढलं. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, त्यामुळे चित्र ओळखायचा अधिकार मंडळानं त्यांना कायमचा दिला होता. “सिंह आहे,” ते म्हणाले. “झिजलाय, पण ऐट बघा. ब्रिटिश सिंह.”

मी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता वाकून पाहिलं. “सिंहाला शिंगं असतात?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुंजीत भटजींना मंत्राचा अर्थ विचारल्यावर बघतात तसे.

“मुकुट आहे तो, सूनबाई,” नाना शांतपणे म्हणाले. “चहा झाला का बघ जरा.”

चहा झालेलाच होता. स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई, म्हणजे आई, कपात गाळत होत्या. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी गाळणं कपावर जरा जास्त आपटलं.

गाडी म्हणजे १९५०ची ऑस्टिन. मुळात ती आईंच्या वडिलांची. आजऱ्याचे डॉक्टर हेरेकर, त्यांना सगळं गाव दादा म्हणायचं. दादा गेल्यावर गाडी आईंच्या वाट्याला आली, म्हणजे नानांच्या ताब्यात आली. त्याला एकतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून नाना तिला ‘मूळ रूपात’ आणत होते. विमा कंपनीतली नोकरी त्यांनी या कामातून वेळ काढून केली. माझा नवरा हृषी सांगायचा की त्याला लहानपणी ताप आला की नाना कपाळाला हात लावायचे, पण तो हात बॉनेटवरून उठून आलेला असायचा, म्हणून आधीच गरम.

आता त्या तपश्चर्येला फळ येणार होतं. पुण्याचे सबनीस नावाचे एक गृहस्थ मुळशीजवळ जुन्या गाड्यांचं संग्रहालय उभारत होते. रविवारी ते कोल्हापुरात येणार, गाडी तपासणार, आणि ती शंभर टक्के मूळची निघाली तर घेऊन जाणार. नानांना पैशाचं अप्रूप नव्हतं. सबनीस गाडीपुढे पितळी पाटी लावणार होते: ‘श्री. विश्वनाथ पाटगावकर यांच्या संग्रहातून’. त्या पाटीचा मसुदा नानांनी आम्हाला इतक्यांदा वाचून दाखवला होता की मला तो झोपेत म्हणता आला असता.

घोडं अडलं होतं ते या फिल्टरपाशी. गेली कित्येक वर्षं नाना तो एकच फिल्टर काढून, रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून परत बसवत होते. सबनीसांनी फोनवर बजावलं होतं की धुतलेल्या फिल्टरवर मी गाडी एक किलोमीटर चालवणार नाही. नवा हवा, आणि तोही मूळ जातीचा. नाहीतर व्यवहार नाही.

“इंग्लंडहून मागवता येत नाही का?” मी चहा देताना विचारलं.

“तीनदा मागवला.” नानांच्या आवाजात जखम होती. “त्यांच्या कॅटलॉगात या गाडीपुढे जो नंबर छापलाय तोच. तिन्ही वेळा अर्धा इंच आखूड. इंजिनाला फिल्टरचा डबा आहे, त्यात नुसता खुळखुळतो.”

“मग?”

“मग काय, कॅटलॉग चुकलंय त्यांचं. मी पत्र लिहून कळवलं तसं.”

“उत्तर आलं?”

“कुठल्या तोंडानं देतील?”

मंडळानं दुसरे मार्ग चर्चेला घेतले. जाधव म्हणाले, आजकाल तो डबा काढून तिथं लेथवर केलेली एक चकती बसवतात आणि तिला जीपचा साधा, पिळून बसवायचा फिल्टर लावतात. उद्यमनगरात दोन दिवसांत होईल. यावर इतकी शांतता पसरली की जाधवांनी स्वतःच “नाही म्हणजे, लोक करतात” असं म्हणून पोह्यांत मान घातली. दुसऱ्यानं कापड आणि पुठ्ठा घेऊन घरीच शिवायची सूचना केली. तिसऱ्यानं पोर्तुगालमधल्या कुणाचा पत्ता दिला. पोर्तुगालला नानांनी आधीच लिहिलेलं होतं.

आता मला गप्प बसता आलं असतं. पण मी मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, फाउंड्रीत तपासणी विभागात नोकरी करणारी, चार महिन्यांची सून. सासऱ्यांनी एकदा तरी ‘वा’ म्हणावं म्हणून जीव टाकत होते. मी खोलीतून माझं व्हर्नियर आणलं, नानांची परवानगी मागितली, आणि त्या दैवताची उंची, व्यास आणि मधल्या भोकाचं माप घेतलं.

“फिल्टर कुठल्या गाडीचा ते विसरा,” मी म्हटलं. “या मापाचा कुठलाही शोधू. उद्यमनगर आपल्यापासून दोन किलोमीटरवर आहे.”

“उद्यमनगर!” भोसलेसर हसले. “सूनबाई पाण्याच्या पंपाचा आणतील आता.”

सगळे हसले. नानासुद्धा. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

शनिवारी मी रजा टाकली. निघताना आई दारापर्यंत आल्या. हे त्यांचं नेहमीचं नव्हतं.

“कशाला एवढ्या उन्हात फिरतेस, रेवती?”

“दोन तासांत येते, आई.”

“मिळायचा नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “नाही मिळाला तर काही बिघडत नाही.”

मला वाटलं, धीर देतायत. माझ्या डिप्लोम्यात असलं काही ओळखायला शिकवलेलं नव्हतं.

पाच दुकानांत नकार मिळाला. सहावं दुकान इस्माईलचाचा बागवानांचं. दुकान कसलं, जुन्या सुट्या भागांचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी स्टुलावर चाचा. मी मापांचा कागद दिला, फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

“ताई, कुटल्या गाडीचा म्हणालीस?”

“ऑस्टिन. एकोणीसशे पन्नास.”

“आनि हे कोन म्हनतंय?”

“माझे सासरे.”

“मग बरोबर आसंल,” चाचा अदबीनं म्हणाले आणि शिडीवर चढले. वरच्या फळीवरून धूळ झटकत एक खोका काढून माझ्या हातात दिला. “चारच ऱ्हायलेत. घेऊन टाक सगळे. मीच मेल्यावर ही कुनाला कळायची न्हाईत.”

खोक्यावर पांढऱ्याशुभ्र बैलाचं चित्र होतं. लांब, मागे वळलेली, झोकदार शिंगं. खाली मोठ्या अक्षरांत: खिलार छाप ऑइल इंजिन. पाणी उपसण्यासाठी सर्वोत्तम. फिल्टर नं. ४१७.

“हितंच कारखाना होता त्यांचा,” चाचा म्हणाले. “पलीकडच्या गल्लीत. पंच्याऐंशीला बंद पडला. निम्म्या जिल्ह्याच्या उसाला पानी ह्या इंजनानं पाजलं.”

मी रिक्षात बसले तेव्हा खोका मांडीवर होता आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. ब्रिटिश सिंह! कॅटलॉगची चूक! पोर्तुगाल! डब्यात अर्धा इंच आखूड पडणारा इंग्लंडचा फिल्टर बिचारा एकटाच खरा होता. या गाडीत कुणीतरी कधीतरी पंपाचा फिल्टर ठोकून बसवला होता आणि माझे सासरे एकतीस वर्षं तो रॉकेलनं पुजत होते.

आई फाटकातच उभ्या होत्या. खोक्यावरचा बैल त्यांनी रस्त्यापलीकडूनच ओळखला असावा, कारण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पदर पुढे केला आणि खोका त्याखाली घेतला.

“आई, हा पंपाचा आहे.”

“हळू बोल. माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी मला पाणी दिलं. “दादांनी बसवलाय. मी शेजारी उभी राहून तेल ओतत होते. चौदा वर्षांची होते.”

“मग इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर त्याच दिवशी काढून फेकला असता यांनी. चुकीचा म्हणून.” त्यांनी खोका तांदळाच्या डब्यात सरकवला आणि वर दोन ओंजळी तांदूळ पसरले. “त्या गाडीला दादांचा हात लागलाय अशी एवढीच जागा उरलीय, रेवती. बाकी सगळं यांनी बदललं. सीटा बदलल्या, रंग बदलला. मी म्हटलं, शोधू देत. सापडेपर्यंत तो तिथंच राहील. आणि आता सापडला नाही तर गाडीही राहील.”

मी नको तेवढ्या तत्परतेनं काय शोधून आणलंय ते मला तेव्हा कळलं.

“उद्या विचारतील मला.”

“विचारतील.”

एवढंच. खोटं बोल असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे हार. आता माझी दोन वर्षांची लेक झोपावी म्हणून पाऊण तास अंधारात हूं की चूं न करता पडून राहते तेव्हा कळतं की त्याला काय ताकद लागते. आणि मी तर पाऊण तासच करते.

रविवारी दहाला सबनीस आले. पांढरे हातमोजे, हातात एकशे बारा मुद्द्यांची यादी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. मंडळ इस्त्रीचे कपडे घालून हजर होतं. नानांनी कोट घातला होता, एप्रिलमध्ये. हृषी सकाळीच ‘महत्त्वाचं काम’ काढून निसटला होता. बॉनेट उघडलं की घर सोडायचं हे तो पहिलीत असतानाच शिकला होता.

सबनीस गाडीखाली वाकायचे, आरसा फिरवायचे, “अप्रतिम” म्हणायचे आणि यादीवर खूण करायचे. दर ‘अप्रतिम’गणिक नाना अर्धा इंच उंच होत होते. एकशे अकरा खुणा झाल्या आणि सगळे आत जेवणाच्या टेबलाशी आले.

“आता फिल्टर. नवा मिळाला?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आणि सांगायला लाज वाटते, त्या नजरेत मला चार महिने हवं होतं ते सगळं होतं. आशा होती, विश्वास होता. ‘वा’ अगदी ओठांवर होतं.

“सूनबाई?”

“नाही मिळाला, नाना. सगळं उद्यमनगर पालथं घातलं.”

नानांचा चेहरा पडला. कोटाचे खांदेसुद्धा उतरल्यासारखे दिसले. मला खरंच वाईट वाटलं. आईंकडे बघायचं मी टाळलं.

सबनीसांनी रेशमी रुमालावरचा फिल्टर दोन बोटांत उचलला. उजेडात धरून फिरवला. “हरकत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?” नाना.

“इतका दुर्मिळ नमुना मी आजवर पाहिलेला नाही. याची हुबेहूब प्रत माझा माणूस पुण्यात करून देईल. आणि हा मूळचा आपण काचेच्या पेटीत, गाडीच्या शेजारीच ठेवू. आणि त्याच्यासोबतचं हे चामड्याचं वॉशर बघा. काय कातडं आहे! असं इंग्लिश लेदर आता मिळत नाही.”

“नाहीच मिळत,” भोसलेसर म्हणाले.

नानांचे डोळे भरून आले. सबनीसांनी बॅगेतून कागद काढले. नानांनी पेन काढलं, झाकण उघडलं, आणि माझ्या खोट्याची किंमत शून्य झाली.

“पेटीवर काय लिहाल?”

आवाज आईंचा होता. त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. पाहुण्यांसमोर त्या कधी बोलत नसत, त्यामुळे मंडळाला आधी कळेचना की बोललं कोण.

सबनीस नम्रपणे वळले. “लिहू ना, वहिनी. ऑस्टिन, एकोणीसशे पन्नास. मूळ फिल्टर.”

“मग चूक होईल तुमची.”

“अगं, तुला यातलं...” नानांनी सुरुवात केली.

आई आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी खोका टेबलावर, सहीच्या कागदांवरच ठेवला. खोक्याच्या कडांतून तांदळाचे दाणे ओघळले. बैल छताकडे बघत होता.

मग भोसलेसर सवयीनं भिंग काढून पुढे झाले. आधी खोका बघितला, मग फिल्टर बघितला, मग परत खोका.

“शिंगंच आहेत,” ते म्हणाले.

“पंपाचा आहे,” आई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढलेला नव्हता. भाजी काय केलीय ते सांगावं तसं सांगत होत्या. “एकोणसत्तर साली बसवला. मलिग्र्याजवळ एक बाई अडली होती. मूल आडवं आलं होतं, तिला गडहिंग्लजला न्यायचं होतं, आणि वाटेत या डब्याच्या आतलं सगळं फाटून तेलात मिसळलं. शेजारच्या उसात खिलारचं इंजिन चालू होतं. दादांनी ते बंद करायला लावलं आणि त्यातला फिल्टर काढला. तो लांब होत होता, म्हणून डब्यातली स्प्रिंग काढून टाकली. ती तिथल्या पाटात पडलेली मी पाहिलीय. इंग्लंडचा अर्धा इंच आखूड पडतो तो त्यामुळं.”

नानांच्या हातातलं पेन तसंच होतं.

“आणि ते कातडं इंग्लिश नव्हे. तेल गळत होतं, तर दादांनी स्वतःची चप्पल कापून वॉशर केलं. उजव्या पायातली. गडहिंग्लजला हॉस्पिटलच्या पायऱ्या ते एका चपलेनं चढले.”

“बाईचं काय झालं?” मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

“मुलगी झाली. दोघी सुखरूप.”

सबनीसांनी वॉशर रुमालावर ठेवलं. एक हातमोजा काढला, मग दुसरा. “पंप,” ते स्वतःशीच म्हणाले. यादीवरच्या एकशे बाराव्या मुद्द्यापुढे त्यांनी फुली मारली, कागद खोक्याखालून हलकेच ओढून घेतले, आणि पोहे फार छान होते असं सांगितलं. पोहे त्यांनी खाल्लेच नव्हते. त्यांच्यामागून मंडळातल्या एकेकाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवत गेलं. दहा मिनिटांत घर रिकामं.

नाना कोट घालून तसेच बसले होते.

“तू बोलली का नाहीस?” ते म्हणाले. “एकतीस वर्षं. मी... अगं, मी पोर्तुगालला पत्र लिहिलं.”

“लिहिलंत ना,” आई तांदूळ वेचत म्हणाल्या. “इंग्लंडला विचारलंत. ऑस्ट्रेलियाला विचारलंत.”

पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. टेबलावरचे दाणे मात्र एकूण एक गोळा केले.

नाना तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. गॅरेजकडे फिरकलेसुद्धा नाहीत. हृषी परत आला, अंदाज घेतला, आणि पुन्हा महत्त्वाच्या कामाला लागला. मंगळवारी मी आणि आईंनी गाडीत खिलारचा नवा फिल्टर बसवला. आईंनी आधी बोट तेलात बुडवून कडेला फिरवलं, मग बोल्ट हातानं जितका फिरेल तितका फिरवला आणि पाना मागितला. कुठं थांबायचं ते त्यांना न बघता कळत होतं. वॉशर त्यांनी जुनंच घातलं. गाडी सुरू झाली, एक थेंब गळला नाही. वरच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण खाली कुणी आलं नाही. नाना उद्या पाना घेऊन उतरले आणि सगळं ‘दुरुस्त’ करायला लागले तर काय, हे आम्हा दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

बुधवारी दुपारी आई भाकऱ्या थापत होत्या, मी लसूण सोलत होते. स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. नाना. हातात ना पाना, ना पेन. या घरात आल्यापासून मी त्यांना त्या दाराच्या आत पाहिलं नव्हतं. पाणीसुद्धा ते बाहेरून मागायचे. ते उंबऱ्याशी चाचपडले, भिंतीला टेकून ठेवलेला पाट त्यांना दिसला, तो त्यांनी स्वतः घेतला, मांडला आणि बसले. वयाच्या मानानं जरा कष्टानंच.

आईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. पाहिलं नाही.

“तो हॉर्न,” नाना घसा खाकरून म्हणाले. “गाडीचा हॉर्न. त्याचं... त्याचं काय आहे?”

आईंनी भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत वाट पाहिली.

“कुठला?” त्या म्हणाल्या. “पहिला की दुसरा?”